मुळांना लावलेले दिवे

४ मार्च, सोमवार

नवी वही. जुनी अजून निम्मी कोरी आहे, पण तिच्यात नुसती रडगाणी आहेत, आणि आजचा दिवस त्या संगतीत ठेवायचा नाही. आज माझी रोपं जगली.

औषध घातलेल्या अगरच्या, म्हणजे खाद्य मिसळलेल्या जेलीच्या, प्लेटींवर बिया पेरल्या होत्या. बी केवढं, तर फुंकर मारली की हरवेल एवढं. ज्या बियांमध्ये माझा जनुक शिरला असेल त्याच या औषधात जगायच्या, बाकीच्या उगवून पिवळ्या पडून मरायच्या. आठवडाभर रोज बघत होते आणि सगळ्याच पिवळ्या दिसत होत्या. आज सकाळी झाकण उचललं तर त्या पिवळ्या पसाऱ्यात मधूनमधून हिरवीगार, दोन-दोन पानांची, ताठ मानेची माझी मंडळी उभी. मी तिथेच "आलात का रे बाबांनो" म्हटलं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या शंकासुराने मान वर केली आणि परत खाली घातली.

टिल्लीला काल समजावलं तेच इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं साफ होईल. (टिल्ली म्हणजे आमची लेक. बारा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते, तरी टिल्लीच.) मूळ खाली खाली जात असतं आणि मध्येच त्याला बाजूला फाटा फुटतो. कुठे फुटायचं ते मुळाच्या आतल्या मोजक्या पेशी ठरवतात. माझं म्हणणं असं की या ठरवण्यात एका प्रथिनाचा हात आहे. ते प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या शेपटीला दुसरं एक जोडलंय. ते मुळात जेलीफिशचं, निळा प्रकाश पडला की हिरवं चमकणारं. म्हणजे जिथे हिरवं दिसेल तिथे माझं प्रथिन आहे. टिल्ली म्हणाली, "म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा." तेच.

आता खरं काय ते. २६ एप्रिलला समिती येणार. घरी बसलेल्या बायकांना परत संशोधनात घेण्यासाठीची ही माझी जागा एका वर्षाची. पुढे तीन वर्षं ठेवायचं का, ते समिती ठरवणार. दाखवायला काही असलं तर ठेवतील. नसलं तर अकरा वर्षं पोळ्या लाटून आलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या बाईला दुसरी प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. आमच्या प्रमुख बाईंनी मला घेतलं तेही जुनी विद्यार्थिनी म्हणून, दयेपोटी. त्या तसं म्हणत नाहीत, पण त्या काहीच म्हणत नाहीत. हे सगळं फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना सांगितलेलं नाही, उगीच त्यांच्या बोलण्याला विषय कशाला.

७ मार्च, गुरुवार

आज रोपांची बदली. एकाच प्लेटमध्ये अर्धी माझी आणि अर्धी साधी, म्हणजे ज्यांच्यात काहीच घातलेलं नाही ती. दोघांना तेच अन्न, तोच उजेड. सख्खं-सावत्र केलं असं उद्या कुणी म्हणायला नको.

पण ती दिसतात अगदी सारखी. प्लेट उचलताना एखादं घसरलं तर ओळखायचं कसं? आधी काचेवर लिहायच्या काळ्या पेनाने एका पानावर ठिपका देऊन पाहिला, तर त्यातल्या स्पिरिटने पान करपलं. शिवाय ते पेनही दुपारनंतर गायब. आमच्याकडे काळी पेनं सगळ्यांच्या खिशात असतात आणि मागितलं की कुणाकडेच नसतात. शेवटी पर्समध्ये टिल्लीचं पिवळं हायलायटर सापडलं. पाण्याची शाई, पानाला काही होत नाही. माझ्या प्रत्येक रोपाच्या एका पानावर इवलासा ठिपका दिला. खूणगाठ म्हणतात ती ही. ज्याच्या पानावर पिवळा ठिपका ते माझं.

शंकासुर आज रजेवर होता, त्यामुळे काम भराभर झालं. हा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो, आणि सूर्य उगवला असं सांगितलं तरी "पण ताई, एक शंका आहे" म्हणतो. त्याचं हे नाव मी ठेवलेलं नाही, मी आले तेव्हा ते होतंच.

११ मार्च, सोमवार

दिसलं. दिसलं, दिसलं, दिसलं.

आमचा लेझरवाला सूक्ष्मदर्शक आहे त्याला सगळे महाराज म्हणतात. त्यांच्याकडे आधी वेळ मागावी लागते, तापायला ते अर्धा तास घेतात, आणि खोलीत दिवा लावला की रुसतात. आज माझी वेळ होती. अंधारात बसले, पहिलं रोप ठेवलं, निळा लेझर सोडला, आणि मुळाच्या मधोमध जाणारी नळी वरपासून खालपर्यंत हिरवी पेटली. इतकी की डोळे दिपले. लेझर कमी केला, आणखी कमी केला, अगदी तळाला आणला तरी झगझगीत. मग साधं रोप ठेवलं. ठार काळं. परत माझं, हिरवं. परत साधं, काळं. सगळी प्लेट बघून काढली. पानावर ठिपका असेल तर हिरवं, नसेल तर काळं, एकही अपवाद नाही. इतका स्वच्छ निकाल मी जन्मात पाहिला नव्हता.

बाहेर आले तर पाय जमिनीला लागत नव्हते. जिन्यात एका अनोळखी माणसाला "अभिनंदन" म्हटलं, तो बिचारा "धन्यवाद" म्हणून गेला. नवऱ्याला फोन केला.

"अरे, चमकलं."

"कुठे, पाठीत? मी सांगत होतो, वाकून वाकून काम करू नकोस. शेक घे आल्यावर."

मी हसता हसता पायरीवरच बसले. त्याला वाटलं कळ येतेय. न्यायला निघाला होता, कसाबसा थांबवला.

१२ मार्च, मंगळवार

बाईंनी चित्र बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, "हं."

मी म्हटलं, "छान आलंय ना?"

"हिरवं आलंय," त्या म्हणाल्या. "परत कर."

शंकासुर मागे उभा होताच. "ताई, एक शंका आहे. तुमचं प्रथिन फाटा फुटायच्या जागीच असायला हवं ना? हे तर नळीभर आहे."

म्हटलं, माझं प्रथिन आहे, हिंडत असेल. सगळ्यांनी काय टेबलाला चिकटून बसावं? तो "हो, तेही आहे" म्हणून गेला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना.

१६ मार्च, शनिवार

घरी फोनवर चित्र दाखवलं. सासूबाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"हे काय, गवत?"

"मूळ आहे, आई."

"मुळं पांढरी असतात. हे हिरवं कसं?"

"ते खरं हिरवं नाही, प्रकाश टाकल्यावर दिसतं."

"मग खोटं आहे का?"

आता याला काय सांगायचं. पुढचा पाऊण तास नवरा आणि मी जेलीफिश समजावत होतो. त्या म्हणाल्या, समुद्रातल्या प्राण्याला आणि मोहरीच्या जातीच्या तणाला एकत्र आणायला तुम्हाला दुसरा उद्योग नव्हता का. मग फोन घेऊन गच्चीवर गेल्या. कपडे काढायला गेले तर बहिणीला सांगत होत्या, "आमची सून काय दिवे लावते विचारू नकोस. मुळांना लावते. अगं खरंच मुळांना. थांब, फोटो पाठवते." बहिणी चार, आणि चौघींना एकेक करून तेच. घरचं काही बोलायचं तर निदान घरात बोलावं. मी कपडे तसेच ठेवून खाली आले.

१९ मार्च, मंगळवार

परत केलं. नवी रोपं, नवे ठिपके, नवी प्लेट. परत तेच, ठिपकेवाली हिरवी आणि बाकीची काळी. महाराजांच्या खोलीत अंधारात एकटीच नाचले. खुर्चीला चाकं आहेत हे लक्षात न घेता नाचले, त्यामुळे आता खरंच पाठीत चमकलंय. नवऱ्याला सांगणार नाही.

२१ मार्च, गुरुवार

जाता जाता बाई म्हणाल्या, "चित्र समितीला पाठवलंय."

बस, एवढंच. मी दुपारभर काय काम केलं आठवत नाही. संध्याकाळी कपाट उघडून २६ एप्रिलला काय घालायचं ते ठरवत बसले. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग." म्हटलं, नवरा तू आहेस, मी बायको, मला ती म्हण लागू नाही.

२४ मार्च, रविवार

काय लिहू. लिहितेच.

प्रयोगशाळेतून निळा टॉर्च आणि नारिंगी चष्मे दोन दिवसांसाठी आणले होते. रोपं बाहेर नेता येत नाहीत, पण घरातल्या कुठल्या वस्तू चमकतात ते टिल्लीला दाखवायचं होतं. संध्याकाळी पडदे ओढले, जेवणाच्या टेबलावर तिचा अभ्यास पसरलेला होता तिथेच सगळे बसलो. चष्मे फिरवून फिरवून बघत होतो. कपड्यावरचा साबण फिका चमकला, नवऱ्याच्या शर्टाचं बटण चमकलं. मग टिल्लीने टॉर्च पुस्तकावर धरला आणि म्हणाली, "आई, माझा इतिहास पेटला."

पानभर ओळी हिरव्या. कार्टीने अख्खा धडा हायलायटरने रंगवलेला. मग काय, ऊत आला. तिने बाबाला मिशा काढल्या, हिरव्या मिशांचा बाबा खुर्चीवर उभा राहून भाषण ठोकायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "मला नको हं तसलं काही," आणि नाक पुढे केलं. टिल्लीने नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका दिला. चष्मा माझ्याकडे होता. मी टॉर्च धरला. आम्ही सगळे इतके हसत होतो की टेबल हलत होतं.

आणि मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. तोच हिरवा. दोन आठवडे मी तोच बघतेय, झोपेत दाखवला तरी ओळखेन.

"काय झालं?" नवऱ्याने मिशांसकट विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "हे हायलायटर माझ्या पर्समध्ये होतं ना, ते?"

"हो, तूच परत ठेवलंस," टिल्ली म्हणाली.

पाण्याची शाई पानावर बसली, पानात मुरली, पानातून नळीत उतरली, नळीतून खाली मुळात गेली. साध्या रोपांवर ठिपका नव्हता, म्हणून ती काळी. ज्याच्यावर खूण तेच चमकणार, कारण चमकत होती ती खूणच. काखेत कळसा म्हणतात, माझा तर कळसा सासूबाईंच्या नाकावर होता.

चित्र समितीकडे जाऊन पोचलंय. आणि तरी मधूनच हसू फुटतंय, काय करू.

२५ मार्च, सोमवार

औषधाच्या प्लेटवर ठिपका न दिलेली माझी थोडी रोपं अजून होती. सकाळी आधी ती महाराजांपुढे ठेवली. काळी, साध्यांहून काळी.

तशीच बाईंच्या खोलीत गेले. त्यांच्या पडद्यावर माझंच चित्र उघडलेलं.

"बाई, ते माझं प्रथिन नाही. ते हायलायटर आहे."

"काय आहे?"

"हायलायटर. टिल्लीचं. पिवळं."

आणि मला हसू आलं. रडायच्या वेळी येतं ते, आवरता येत नाही असलं. मी तोंडावर हात धरून उभी, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. बाई शांतपणे बघत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी सगळं परत पहिल्यापासून सांगायला लावलं, काळ्या पेनाने करपलेल्या पानापासून.

"समितीला मी कळवते," त्या म्हणाल्या.

"मी कळवते, बाई. चूक माझी आहे."

"चूक तुझी आहे, चित्र मी पाठवलंय." मग म्हणाल्या, "बिया आहेत का अजून?"

"आहेत."

"मग इथे का उभी आहेस?"

खोलीतून हाकललं मला. बरोबरच आहे, मी त्यांच्या जागी असते तर इमारतीतून हाकललं असतं. बिया पेरल्या खऱ्या, पण कशासाठी पेरल्या ते कळत नाही. ज्यांच्यात चमकायला काही नाही ती दुसऱ्यांदा उगवून काय करणार. नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही, म्हणून मग मला नीट रडता आलं.

२७ मार्च, बुधवार

बातमी इमारतभर झाली आहे. खालच्या मजल्यावरच्या एकाने मला हायलायटरचा पूर्ण संच भेट दिला, पाच रंगांचा. मी घेतला. टिल्लीला लागतात.

शंकासुर मात्र दोन दिवस माझ्याकडे नुसता बघत होता. आज म्हणाला, "ताई, एक शंका आहे."

"बोल बाबा, आता काय राहिलंय."

"परवा तुमची बिनठिपक्याची रोपं काळी दिसली, तेव्हा लेझर किती होता?"

"तोच. आधी ठेवला होता तोच."

"म्हणजे तळाला?"

मी त्याच्याकडे बघितलं. हायलायटरच्या झगझगाटाला कमी केलेला लेझर मी तसाच ठेवून माझी रोपं बघितली होती. भर उन्हातून घरात शिरल्यावर घरात कुणीच नाही म्हणावं, तसलं झालं हे.

महाराजांकडे दुसऱ्याचं नाव लागलेलं होतं. शंकासुराने त्या माणसाशी काय बोलणं केलं माहीत नाही, पण अर्धा तास मिळाला. लेझर चढवत गेलो. आधी सगळं धुकट झालं, आणि मग त्या धुक्यात, मुळाच्या आतल्या थरात, नळीला लागून, दोन ठिपके. मंद. नीट बघितलं नाही तर निसटतील असे. दोन शेजारच्या पेशींचे मधले गोळे, म्हणजे केंद्रकं, आणि बाहेरून तिथे फाट्याचा पत्ता नाही.

मी डोळे चोळून परत बघितलं. शंकासुरानेही वाकून बघितलं. मग त्याने साधं रोप ठेवलं, आणि त्यातही थोडं धुकं हिरवट दिसलं. झाडाचं स्वतःचं काही ना काही चमकतंच, पेशींच्या भिंतींचं वगैरे. तर मग ठिपके खरे की माझ्या डोळ्यांना हवे म्हणून? दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकतेय. तरी घरी येईपर्यंत मी गाणं गुणगुणत होते, हे रस्त्यात एक बाई वळून बघायला लागल्यावर कळलं.

९ एप्रिल, मंगळवार

बाईंचा हुकूम: "तुला माहीत नसताना ओळखून दाखव."

नवी रोपं तयार होती. शंकासुराने माझी आणि साधी मिसळली, नुसते आकडे घातले, कुठला आकडा कुणाचा ते स्वतःकडे ठेवलं. ठिपके नाहीत, खुणा नाहीत. मी अंधारात महाराजांपुढे, बाई मागे स्टुलावर, शंकासुर दाराशी. एकेक रोप येत होतं आणि मला फक्त "माझं" किंवा "साधं" म्हणायचं होतं.

पहिलं रोप ठेवलं. धुकं, धुकं, आणि मग आत तो एक मंद ठिपका. "माझं." दुसऱ्यात नुसतं धुकं. "साधं." हळूहळू मजा यायला लागली. रोप ठेवलं की आधी नाही दिसायचं, मग डोळा ठरला की दिसायचं, आणि मला त्या ठिपक्यांची चाल कळायला लागली, कुठे बसतात, किती अंतराने बसतात. एकापाशी मात्र अडले. मूळ मध्ये चिरडलेलं, काहीतरी होतं, काहीतरी नव्हतं.

"बहुतेक माझं," मी म्हटलं.

"बहुतेक नको," बाई मागून म्हणाल्या.

"मग माहीत नाही."

"माहीत नाही असं सांग. त्यात काही कमीपणा नाही."

बाईंना शंकासुराची नुसती यादी पुरत नाही, आता त्या सगळ्या रोपांचा जनुक तपासून मगच कळणार. ही दोन दिवसांची वाट म्हणजे छळ आहे. सासूबाईंनी आज डब्यात दुप्पट भरून दिलं होतं, वर म्हणाल्या, "उरवून आणू नकोस, मला शिळं चालत नाही." मी आणि शंकासुराने मिळून संपवलं.

११ एप्रिल, गुरुवार

सगळी बरोबर. "माहीत नाही" म्हटलं ते सोडून सगळी.

शंकासुराने कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी तो तीनदा वाचला. मग मी त्याला मिठी मारणार होते, पण तो मागे सरकला आणि म्हणाला, "ताई, एक शंका आहे."

"आता काय आहे रे?"

"ठिपका इतका मंद आहे, समितीच्या खोलीत दिसेल का? तिथे उजेड फार असतो."

दुष्ट आहे. पण म्हणतोय ते खरं आहे. झगझगीत होतं ते खोटं निघालं, आणि खरं आहे ते पडद्यावर दिसत नाही. आज तरी मला याची काळजी करायची नाही. आज मी दोन मजले जिना उड्या मारत उतरले आणि पाठीला काहीही झालं नाही.

२२ एप्रिल, सोमवार

टिल्लीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी जायची तयारी करत होते तर सासूबाई चपला घालून दारात. म्हणाल्या, "तू काय बोलणार तिथे, तुझं डोकं मुळांत. मी जाऊन येते." माझ्यावर विश्वासच नाही त्यांचा. गेल्या. मग मीही प्रयोगशाळेत गेले आणि दिवसभर समितीपुढे बोलायचं ते घोकत बसले.

२५ एप्रिल, गुरुवार

उद्या. जेवण गेलं नाही. नाही ठेवलं तर काय, हा विचार आज पहिल्यांदा नीट केला. नाही ठेवलं तर मी रोज सकाळी सगळ्यांना बाहेर पाठवून दार लावीन आणि ते ठिपके दुसरं कुणीतरी बघेल. बघेल तरी का कोण जाणे. हे मला सहन होणार नाही. एवढंच.

२६ एप्रिल, शुक्रवार

सगळं सांगते, एका दमात, नाहीतर फुटेन.

समितीत तिघं. मधले अध्यक्ष, कोट घातलेले, बसल्या बसल्या म्हणाले, "ते झगझगीत चित्र होतं ते दाखवा आधी." बाईंनी त्यांना कळवलं होतं, पण त्यांनी वाचलं नव्हतं म्हणे. सगळ्यांसमोर हायलायटरची गोष्ट सांगावी लागली. मी टिल्लीपासून सासूबाईंच्या नाकापर्यंत सगळी सांगितली. दोघं हसले. तिसऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कागदांवरचं आपलं हायलायटर हळूच उचलून पिशवीत टाकलं, आणि मग त्याच सगळ्यात मोठ्याने हसल्या.

मग खरं चित्र लावलं. पडदा नुसता राखाडी. मी काठी घेऊन "इथे, इथे" करतेय आणि कोट म्हणतायत, "कुठे?" दिवे घालवले, पडदे ओढले, तरी कुठे. शंकासुर मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "इथे नाही दिसणार. चला माझ्याबरोबर." आणि उत्तराची वाट न बघता चालू लागले. मागे वळून बघितलं तर तिघंही येत होते, आमच्या बाई सगळ्यात शेवटी.

महाराजांच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने. रोप सकाळीच ठेवून तयार होतं. म्हटलं, आधी काही दिसणार नाही, घाई करू नका, डोळ्यांना सवय होऊ द्या. कुणीतरी खोकलं. मग कोट हळूच म्हणाले, "हां. हां, दिसला. एकच आहे." एकच होता. मी समजावून सांगत होते की ही पेशी पुढे फाटा काढणार, आज ती फक्त बाकीच्यांहून वेगळी झाली आहे, आणि बोलता बोलता ठिपका फिका पडायला लागला. डोळ्यांदेखत. कडा विरल्या, मग मधला भाग विरला, आणि गेला. तिथे नुसतं धुकं.

कोट म्हणाले, "गेला?"

अंधारात आमच्या बाईंचा आवाज आला. "थांबा. ती कसं करते ते मला माहीत आहे, ती चुकीचं रोप ठेवणार नाही. थांबा."

थांबलो. पाय अवघडले. मला आठवत होतं की पेशी दुभंगताना मधल्या गोळ्याची भिंत विरघळते आणि आतलं सगळं सांडतं, हे मी पोरांना शिकवलंय कधीकाळी, पण तेव्हा मला काहीही खरं वाटत नव्हतं. कुणी बाहेर गेलं नाही. आणि मग त्या धुक्यात थोडं दाट झालं, एका ठिकाणी, आणि त्याच्या शेजारी आणखी एका ठिकाणी. दोन झाले. एकाचे दोन झाले, आम्ही सगळे बघत असताना, आणि दोन्ही हिरवे.

तिसऱ्या बाई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "अगं बाई गं." बस, एवढंच.

घरी आले ती बोलतच आले. टेबलावर वाट्या मांडल्या, या पेशी, ही नळी, हा गोळा, आता बघा हं, हा विरघळला. टिल्लीने वाटीत दिवा म्हणून मोबाईल ठेवला. नवऱ्याने मध्ये विचारायचा प्रयत्न केला, पण मी दोनाचे चार कसे होतील तिथे पोचले होते. मी परत पहिल्यापासून सांगायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण तुला ठेवलं का?"

मी थांबले. मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याकडे बघितलं, तो म्हणाला, "मी नाही सांगितलं." सासूबाई म्हणाल्या, "भिंतीपलीकडचं ऐकू येतं मला, बहिरी नाही मी."

"हो आई," म्हटलं. "सांगायचंच राहिलं. ठेवलं. तीन वर्षं."

त्या उठल्या, एका पेशीची वाटी उचलून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत, आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज येत राहिला. सर्दी झालेली दिसते त्यांना, उद्या औषध आणायला हवं.